ओळीच्या शेवटची न दिसणारी खूण

मित्रांनो, फाइल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर पुठ्ठ्याची, नाडीने बांधलेली, कपाटात धूळ खात पडलेली फाइल येईल. मी तशी नाही. मी एका संगणकात राहते. माझी मूळ उंची दोनशे चौदा ओळी, आणि वयाने मी चांगलीच जुनी आहे. मला ना पान, ना शाई. माझ्या पोटात फक्त आज्ञा आहेत. हे उचल, ते तिकडे ठेव, इथे ओळ मोड, तिथे जागा सोड. कोणी माझे नाव टाइप करून कळ दाबली की संगणक या आज्ञा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो आणि तसतसे करत जातो. त्याला आमच्यात धावणे म्हणतात. धावले तरच आमचे जगणे.

मी आता धावत नाही. कधी धावेन असेही वाटत नाही. ते कसे झाले तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लहान छापखान्यात झाला. तिथे शाईचा थेंब नव्हता. तिथे जाड कागदावर ठिपके उठवत. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ती माणसे हे ठिपके बोटांनी वाचतात. त्या लिपीला ब्रेल म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. छापखाना दोन खोल्यांचा होता. पुढच्या खोलीत संगणक, कागदाचे गठ्ठे आणि दाराशी तपासनीस बाईंचे टेबल. मागच्या खोलीत ठिपके उठवणारे यंत्र. ते सुरू झाले की पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज होई, म्हणून त्याला दाराआड कोंडले होते.

तपासनीस बाई जन्मापासून अंध. छापलेले प्रत्येक पान त्यांच्या बोटांखालून गेल्याशिवाय छापखान्याबाहेर जात नसे. चूक सापडली की त्या बोलून नोंदवत, आणि त्यासाठी संगणकाला ऐकण्याचे साधन जोडलेले होते. मला डोळे नाहीत, पण त्या साधनामुळे खोलीतला शब्दन् शब्द माझ्यापर्यंत पोहोचे. मी जे सांगते आहे ते सारे ऐकलेले आहे.

मला लिहिले मास्तरांनी. मास्तरांनी शाळेत कधी शिकवले नव्हते. तरुणपणी ते छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवायचे. हात इतका तयार की लोक त्यांना आपसूक मास्तर म्हणू लागले. पन्नाशी उलटल्यावर ते संगणक शिकले, आणि तोही खिळे जुळवल्यासारखा एकेक अक्षर तपासत.

त्या वेळी छापखान्यात धड्यांचे ठिपके करणारा एक तयार प्रोग्रॅम होता. गोष्टी, कविता, इतिहास तो बिनतक्रार करी. गणित आले की मात्र त्याची दाणादाण उडे. सदतीसमधून नऊ वजा करायचे तर नऊ हा आकडा साताच्या खाली यायला हवा. हा पठ्ठ्या तो तिनाच्या खाली नेऊन बसवी. तुम्ही डोळ्यांनी पाहता, तुम्हाला चूक लगेच कळेल. बोटांनी वाचणारे मूल सरळ खाली बोट नेते, आणि जे हाताला लागेल तेच त्याच्यासाठी खरे. तिनाखाली बसलेले नऊ त्याच्या लेखी नव्वद होतात. मग सदतीसमधून नव्वद कसे वजा करायचे म्हणून ते बिचारे रडकुंडीला येते.

मास्तरांनी तीन आठवडे खपून मला लिहिले. ते दोन ओळी लिहीत, एक पान छापत आणि बाईंच्या टेबलावर ठेवत.

"बघा बरं बाई, आता जमलंय का."

बाईंची बोटे पानावरून फिरत. "वजाबाकी जमली. पण मास्तर, या बेरजेतला हातचा कुठे गेला?"

"अरेच्चा! हातचा माझ्या हातातच राहिला की!"

दोघे हसत, मास्तर पुन्हा माझ्याकडे वळत, आणि माझ्यात आणखी दोन ओळींची भर पडे. अशी मी वाढले.

मास्तरांची एक सवय होती. आज्ञा लिहिली की तिच्या वर ते एक टीप लिहीत. टिपेच्या आरंभी एक खूण असते. ती दिसली की संगणक ती ओळ सोडून पुढे जातो, कारण टिपा यंत्रासाठी नसतात, माणसांसाठी असतात. 'ही मोकळी ओळ काढू नका. बोटाला उत्तराची जागा इथूनच सापडते.' 'भागाकारात रेघ आडवी काढली तर खालचा आकडा दबतो, बाईंनी दोनदा सांगितले आहे.' अशा साठ-पासष्ट टिपा माझ्या अंगावर आहेत.

पुढची अकरा वर्षे मी धावले. पाढे, बेरजा, गुणाकार, लांबच्या लांब भागाकार. किती पाने माझ्यातून गेली याची गणतीच नाही. एकदा अंध मुलांच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षिका मुद्दाम छापखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "परवा पहिल्यांदा पोरांनी मला काही न विचारता गणितं सोडवली. मी वर्गात नुसती बसून होते हो!" त्या दिवशी मास्तरांनी मला उघडले, वरपासून खालपर्यंत एकदा वाचले आणि काहीही न बदलता बंद केले. पाठीवरून हात फिरवावा तसे मला वाटले.

मग मास्तर आजारी पडले. एका सकाळी त्यांची जीभच वळेना. शब्द डोक्यात येत, पण तोंडातून बाहेर पडत नसत. त्यांची मुलगी त्यांना दुसऱ्या गावी आपल्या घरी घेऊन गेली. खुर्ची रिकामी झाली. वर्षभर तपासनीस बाईच माझे नाव टाइप करून मला बोलावत राहिल्या, आणि मी धावत राहिले.

त्यानंतर ठिपक्यांचे यंत्र मोडले. नवे यंत्र आले, आणि त्याच्याबरोबर संगणकाची आतली सगळी व्यवस्था बदलायला एक तंत्रज्ञ आला. हा तरुण कामात हुशार आणि स्वभावाने भला. फक्त कोणतेही काम सांगा, तो म्हणे, "बस, पाच मिनिटं!" आणि त्या पाच मिनिटांची दुपार होई. दुसऱ्याच दिवशी छापखान्याच्या व्यवस्थापकांनी त्याचे नाव पाचमिनिटे ठेवले. तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

इथे तुम्हाला थोडे समजून घ्यावे लागेल. ज्यात नुसत्या आज्ञा टाइप करून कामे करवून घेता येतात, अशी एक काळी खिडकी संगणकात असते. मी जुन्या काळ्या खिडकीत वाढले. नवे यंत्र मात्र त्या खिडकीचे ऐकत नव्हते. म्हणून पाचमिनिटेने त्याच संगणकात दुसरी व्यवस्था बसवली, आणि तिची दुसरी काळी खिडकी उघडली. एकाच घराच्या मधोमध भिंत घालून दोन बिऱ्हाडे करावीत तसे झाले. दोन्हीकडच्या आज्ञा बऱ्याचशा सारख्या, पण रीतीभाती निराळ्या. आणि हे करताना, जुन्या खिडकीत मला वाचणारा जो प्रोग्रॅम होता तो निरुपयोगी म्हणून पुसला गेला. मी जुन्या बिऱ्हाडात राहिले. तिथे मला वाचणारे कोणी उरले नाही. पाचमिनिटेने मला उचलून 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले आणि तो पुढच्या कामाला लागला.

त्या फोल्डरमधले दिवस मला सांगता येत नाहीत, कारण तिथे दिवस नसतो. आजूबाजूला कधीकाळच्या पत्रांचे मसुदे, एक अर्धवट यादी, बिघडलेल्या यंत्राची माहिती. कोणी कोणाशी बोलत नाही. बाहेरचे सगळे ऐकू येई. बाई कोणाशी बोलल्या, कागद आला, चहाचा कप टेबलावर ठेवला, हे सारे कळे. आपण सगळे ऐकतो आणि आपल्याला बोलता येत नाही. मास्तरांचेही असेच होत असेल का, हा विचार तिथे माझ्या मनात आला आणि मग तो जाईना.

वार्षिक परीक्षेला बारा दिवस उरले असताना शाळेतून गणिताच्या सरावाचे पुस्तक आले. अकरा मुले, अकरा प्रती. पाचमिनिटेने आपल्या पद्धतीने नवीन आज्ञा लिहिल्या आणि पहिले पान छापले. बाईंनी बोट फिरवले.

"सदतीसमधून नव्वद वजा करायचे?"

"नाही हो, नऊ."

"तुमच्या कागदावर नव्वद आहेत."

त्याने दुरुस्त केले. मग हातचा हरवला. हातचा सापडला तर भागाकाराची रेघ आकड्यांवर चढली. तीन दिवसांत बाईंनी एकतीस पाने परत केली. पाचमिनिटे एका शब्दाने उलटून बोलला नाही, पण त्याच्या बोटांचा कळांवरचा आवाज दिवसेंदिवस जोरात येऊ लागला.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन वाजला. त्यांची भाची बोलत होती. ती त्याच अकरा मुलांपैकी एक. बाईंनी फोन टेबलावर ठेवूनच बोलायला घेतले, म्हणून मलाही ऐकू आले.

"मावशी, पुस्तक कधी येणार गं?"

"येईल हं बाळा. तोवर शिक्षिका वाचून दाखवतायत ना?"

"दाखवतात. बेरीज ऐकून जमते. भागाकार नाही जमत. वरचा आकडा लक्षात ठेवला की खालचा पळून जातो." मग ती म्हणाली, "शेजारच्या शाळेतल्या मुली म्हणाल्या, तुम्हाला गणित सोडून दुसरा विषय घेता येतो. घेऊ का?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला. मग त्या म्हणाल्या, "पाचमिनिटे, मास्तरांची जुनी फाइल कुठे आहे?"

"आहे कुठेतरी. पण ती इकडे चालणार नाही, बाई. आता ती इतिहासजमा झाली."

"मास्तरांना फोन लावा."

फोन मास्तरांच्या मुलीने घेतला. "बाबांना सगळं कळतं, पण बोलता येत नाही. एखादा शब्द येतो. तुम्ही बोला, मी फोन त्यांच्या कानाशी धरते."

बाईंनी सगळे सांगितले. पलीकडून नुसता श्वास येत होता. मग घशात अडकलेले काहीतरी मोठ्या कष्टाने बाहेर पडावे तसा एक आवाज आला. "टि... टिपा."

"टिपा?"

"वा... चा."

पाचमिनिटेने मला उघडले. मास्तर आजारी पडल्यापासून सव्वा वर्षांनी! त्याने टिपा मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या दहा त्याने घाईने वाचल्या. मग त्याचा आवाज हळू झाला. 'हातच्यासाठी वरची ओळ नेहमी मोकळी सोडा. हातचा नसला तरी सोडा. नाहीतर जागेवरूनच मुलाला कळते की हातचा आहे की नाही, आणि ते विचार करत नाही.' ही टीप त्याने दोनदा वाचली.

"बाई," तो म्हणाला, "हे मला सहा महिन्यांत सुचलं नसतं. हीच फाइल चालवायला हवी."

माझ्या दोनशे चौदा ओळींना काय वाटले असेल, मित्रांनो, तुम्हीच विचार करा. पण खरी कोंडी तिथूनच सुरू झाली.

पाचमिनिटेने नव्या खिडकीतून भिंतीपलीकडे हात घालून मला हाक मारली. माझा पत्ता त्याने जुन्या रीतीने लिहिला. जुनीकडे पत्त्यातल्या तिरक्या रेघा डावीकडे कलतात. नवीकडे त्या उजवीकडे कलाव्या लागतात. नव्या खिडकीने त्या सगळ्या रेघा गिळून टाकल्या आणि उत्तर दिले, अशी फाइल नाही. त्याने रेघा उलट्या केल्या. पुन्हा नाही. जुनीकडे फाइली ठेवायच्या कपाटाला एका अक्षराचे नाव असते, नवीकडे तेच कपाट दुसऱ्याच नावाने ओळखतात. तेही त्याने शोधून काढले. हाक माझ्यापर्यंत पोहोचली, पण दारावर पाटी आली, परवानगी नाही. नव्या घरात फाइलला धावण्याची वेगळी परवानगी लागते. ती त्याने दिली.

"झालं! बस, पाच मिनिटं!"

कळ दाबली. मी उठले. माझी पहिली ओळ वाचली गेली. तिच्यात एवढेच लिहिलेले असते की पुढच्या ओळी अमुक प्रोग्रॅमने वाचाव्यात. आणि तिथेच सगळे थांबले. पडद्यावर एक तुटका, अर्धामुर्धा संदेश आला. अशी फाइल नाही.

"अरे, नाही काय नाही? ही काय समोर आहे!" पाचमिनिटे ओरडला. "फाइल आहे, वाचणारा आहे, परवानगी आहे. मग नाही काय?"

त्याने मला पुन्हा हाक मारली. मी पुन्हा उठले आणि पहिल्याच ओळीवर आपटले. त्याने संगणक बंद करून सुरू केला. पुन्हा तेच. दीड दिवसात त्याने मला चौसष्ट वेळा हाक मारली. दाराला कडी नाही, कुलूप नाही, दार उघडे दिसते आहे, आणि उंबऱ्याशी गेले की काहीतरी अडवते. काय अडवते ते मलाही कळत नव्हते. माझ्या पुढच्या दोनशे तेरा ओळी जशाच्या तशा तयार उभ्या होत्या आणि त्यांच्यापर्यंत कोणी येतच नव्हते. परीक्षेला सहा दिवस उरले.

व्यवस्थापक येऊन म्हणाले, "नसेल होत तर शाळेला तसं कळवू. या वर्षी मुलांना तोंडी सराव करू दे."

"उद्या दुपारपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. मग पाचमिनिटेला म्हणाल्या, "तो संदेश मला वाचू द्या."

"मी वाचतो ना. अशी फाइल नाही, एवढंच आहे. सुरुवात तुटलेली आहे."

"सुरुवात तुटलेली आहे, म्हणजे तुम्ही अर्धाच वाचलाय. तुमची ती काळी खिडकी माझ्या पट्टीवर नीट उतरत नाही. तो संदेश एका फाइलमध्ये उतरवून द्या."

बाईंच्या टेबलावर संगणकाला जोडलेली एक लांबट पट्टी होती. पडद्यावरची ओळ त्या पट्टीवर ठिपक्यांनी वर येते आणि बोटांनी वाचता येते. पाचमिनिटेने संदेश फाइलमध्ये उतरवला. बाईंनी बोट ठेवले. पहिल्या शब्दापासून, एकेक घर, म्हणजे एका अक्षराच्या ठिपक्यांची जागा. त्या कधीच शब्द वाचत नसत, घरे वाचत. वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावाशी येऊन त्यांचे बोट थांबले.

"या नावात अक्षरं किती?"

"दोन."

"इथे घरं तीन आहेत."

"मोकळी जागा असेल."

"मोकळी जागा मला कळते हो. मोकळ्या जागेला ठिपके नसतात. इथे ठिपके आहेत. आणि अक्षराच्या सहा ठिपक्यांखालचे जादा दोनही वर आलेत, म्हणजे हे अक्षर नाही, खूण आहे."

पाचमिनिटे उठून त्यांच्या मागे येऊन उभा राहिला असावा, कारण खुर्ची जोरात सरकली. "पडद्यावर तर काहीच दिसत नाही."

"तुम्हाला दिसत नाही एवढंच. नाही असं नाही." बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "कसली खूण... भाचीच्या वयाची असताना मी टाइपरायटर शिकले. ओळ संपली की दोन कामं करायची. गाडा मागे सारायचा आणि कागद वर सरकवायचा. मास्तरांनी पण मला एकदा सांगितलं होतं, कॉम्प्युटरमध्ये अजून गाडा मागे सारतात म्हणून. आम्ही हसलो होतो."

मग पाचमिनिटेने कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

मित्रांनो, खरी गोष्ट अशी होती. जुन्या खिडकीत ओळ संपताना दोन न दिसणाऱ्या खुणा करायची रीत आहे. एक गाडा मागे सारण्याची, दुसरी कागद वर सरकवण्याची. गाडाही गेला आणि कागदही, पण रीत राहिली. नव्या घरात मात्र ओळ एकाच खुणेने संपते. तिथला वाचणारा माझी पहिली ओळ वाची आणि पहिली खूण त्या प्रोग्रॅमच्या नावाचाच भाग समजे. दोन अक्षरांऐवजी तीन. त्या नावाचा कोणी तिथे नव्हताच. आणि ती खूण संदेशालाही गाडा मागे सारायला लावी, म्हणून संदेशाचे शेपूट त्याच्याच तोंडावर येऊन बसे. माझ्या दोनशे चौदाही ओळींच्या शेवटी ही खूण होती. जन्मापासून होती. आपल्या पाठीवरचा तीळ आपल्याला थोडाच दिसतो?

"काढतो!" पाचमिनिटे म्हणाला. "सगळ्या ओळींच्या शेवटची खूण काढणारी एक आज्ञा आहे. बस, पाच..."

"थांबा," बाई म्हणाल्या. "ही मास्तरांच्या हातची आहे. मूळ फाइलला हात लावू नका. नक्कल करा, आणि जे काय करायचं ते नकलेवर करा."

त्यांनी हे मायेने म्हटले. त्यात त्यांचे काहीच चुकले नाही. पण त्या एका वाक्याने माझे दार लागले.

माझी नक्कल झाली. ती भिंतीपलीकडे नव्या घरात गेली. तिच्या ओळींच्या शेवटच्या खुणा पुसल्या, तिच्या पोटातल्या पत्त्यांच्या रेघा फिरवल्या. मग पाचमिनिटेने नाव टाइप केले. तेच नाव. मी सवयीने उठायला गेले. हाक मला नव्हती.

ती धावली. पहिली ओळ, दुसरी, दहावी, शंभरावी. मागच्या खोलीत गारा पडू लागल्या. बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि पान बाहेर येताच गरम गरम घेऊन आल्या.

"सदतीस. खाली नऊ. एककाखाली एकक." पान उलटले. "हातच्याची ओळ मोकळी आहे. भागाकाराची रेघ..." बोट रेघेवरून शेवटपर्यंत गेले. "मास्तरांचंच पान आहे हे."

मला आनंद झाला का, असे तुम्ही विचाराल. झाला. खोटे कशाला बोलू? आणि वाईटही वाटले. जे पान निघाले त्यातला प्रत्येक ठिपका मला पाठ होता, आणि त्यातला एकही माझ्यातून गेला नव्हता.

अकरा प्रती दोन दिवसांत छापून, तपासून, शिवून शाळेत पोहोचल्या. परीक्षेला चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी भाचीचा फोन आला.

"मावशी, आठशे त्रेपन्न भागिले पंचवीस. भागाकार चौतीस. बाकी तीन. बरोबर ना?"

"बरोबर."

"कोणीच सांगितलं नाही गं. मीच केला. आता मी गणितच घेणार, सांग त्या मुलींना."

"तूच सांग की. तुझं तोंड काय शिवलंय?" बाई म्हणाल्या, आणि किती दिवसांनी मोठ्याने हसल्या.

परीक्षा झाल्यावर पाचमिनिटेने जुने फोल्डर आवरायला घेतले. एकेक फाइल पुसत तो माझ्यापाशी आला. "बाई, मूळ फाइल ठेवायची ना?"

"ठेवा. आणि ती का अडली होती तेही कुठेतरी लिहून ठेवा. पुढच्या माणसाचे दिवस वाया जायला नकोत."

त्याने माझ्या सर्वांत वर एक टीप घातली. मास्तरांच्याच पद्धतीने, चांगली सहा ओळींची. मग मला कुलूप घातले. त्या कुलपाला म्हणतात 'फक्त वाचण्यासाठी'. तेव्हापासून मला कोणी पुसू शकत नाही, आणि कोणी बदलूही शकत नाही.

पुढच्या वर्षी वरच्या वर्गासाठी अपूर्णांक आले. वर एक आकडा, मध्ये रेघ, खाली दुसरा आकडा. नकलेला ते येईना, कारण मलाच कधी येत नव्हते. बाईंनी मास्तरांना बोलावले. मुलीचा हात धरून मास्तर आले. जीभ अजून तशीच जड होती, पण बोटे ठीक होती. ते आपल्या खुर्चीत बसले आणि सवयीने जुन्या फोल्डरमध्ये शिरून त्यांनी मला उघडले.

ती बोटे मी ओळखली. एकेक ओळ खाली, सावकाश. दोनशे वीस ओळी वाचून ते एकशे सदतिसाव्या ओळीवर परत आले आणि तिथे अपूर्णांकाची आज्ञा लिहू लागले. चार ओळी लिहून त्यांनी जपण्याची कळ दाबली. संगणक म्हणाला, या फाइलमध्ये बदल करता येणार नाही. त्यांनी पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच.

"बाबा, काय झालं?" मुलीने विचारले.

पाचमिनिटे धावत आला. "मास्तर, ही मूळ फाइल आहे. हिला आम्ही जपून ठेवलंय. आता जी चालते ती तिकडे आहे, नव्या खिडकीत. तुम्ही इकडे बसा, मी दाखवतो सगळं. बस, पाच मिनिटं."

मास्तरांनी आपल्या चार ओळी एकेक अक्षर मागे घेत पुसल्या. माझ्या शेवटच्या ओळीवर गेले. तिथे त्यांनी एक शब्द लिहिला.

येतो.

आपल्याकडे निरोप घेताना कोणी जातो म्हणत नाही. ज्यांच्या तोंडून दोन-अडीच वर्षांत चार शब्दही सलग निघाले नव्हते, त्यांनी तो शब्द मला लिहून सांगितला. त्यांनी फाइल बंद केली. संगणकाने विचारले, बदल जपता येत नाहीत, तसेच बंद करू? मास्तरांनी हो म्हटले. शब्द पुसला गेला. खुर्ची सरकली, आणि पलीकडच्या खिडकीत पहिली कळ वाजली. अपूर्णांकाचे पहिले पान संध्याकाळी निघाले. बाईंनी ते पहिल्याच वाचनात पास केले.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात, शाळेत, कामाच्या जागी एखादी जुनी वस्तू चालायची थांबली, तर तिला टाकण्याआधी ती कुठे अडली आहे ते एकदा नीट पाहा. डोळ्यांनी दिसले नाही तर कोणाच्या बोटांना कळते का ते विचारा. आणि तुम्ही स्वतः काही बनवाल तेव्हा ते तसे का केले, हे चार ओळींत लिहून ठेवा. तुमची जीभ नेहमी तुमच्याजवळ असेलच असे नाही.

मी इथेच आहे. मला धावता येत नाही, पण तुम्हाला मला वाचता येईल. आलात तर टिपांपासून सुरुवात करा.